दुबईहून काय आणू?

डिसेंबरात, बकरी ईदच्या आठवड्यात, दुबईहून चाचांच्या धाकट्याचा फोन आला. सलाम झाला, अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग त्याचा नेहमीचा प्रश्न आला, "बाजी, येताना काय आणू?"

या प्रश्नाची आमच्या मोहल्ल्यातली उत्तरं ठरलेली आहेत. ब्लँकेट, अत्तर, खजूर, गुडघ्याला चोळायचा बाम, फार तर मुलांना घड्याळ. पण हा मुलगा आयटीआय करताना दोन वर्षं बीडमध्ये आमच्या घरी राहिलेला. आता तिकडे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे आणि हातात चार पैसे खेळतात. म्हणाला, "ते सगळं आणतोच. पण या वेळी घरासाठी मोठी वस्तू आणायची आहे. इथल्या दुकानात नवीन डिस्कचे प्लेअर आलेत. चित्र असं दिसतं की माणसाच्या दाढीचा केस न् केस मोजावा. पण बाजी, दोन जातीचे आहेत. एकाचं नाव एचडी डीव्हीडी, दुसऱ्याचं ब्लू-रे. एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. एचडी डीव्हीडी स्वस्त, ब्लू-रे महाग. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा कोणता घेऊ."

शिकलेल्या माणसाला अडचणीत टाकायचं असेल तर असंच करावं. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, बीएडला "शैक्षणिक साधने" म्हणून एक पेपर होता, त्यात फळा आणि नकाशे होते. तरी "माहीत नाही" म्हणायला जीभ वळली नाही. "पंधरा दिवसांत सांगतो," असं म्हणून फोन ठेवला आणि शोध सुरू केला.

सुभाष रोडवरच्या दोन दुकानांत विचारलं. एकाने एचडी डीव्हीडी हे डीव्हीडीचंच जरा मोठं नाव असावं असं ठरवून आम्हाला साधा डीव्हीडी प्लेअर दाखवला. दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मॅडम, बीडला अजून काही आलेलं नाही, आलं की बोर्ड लावू. शेवटी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी दोन मासिकं दिली, मुंबईहून भाच्याने इंग्रजी वर्तमानपत्राची कात्रणं पाठवली, आणि हळूहळू उलगडा झाला. जे कळलं ते इथे लिहितो, कारण गल्फमध्ये ज्यांचे भाऊ-मुलगे आहेत अशा घरांत हाच प्रश्न आला असणार.

सीडी, डीव्हीडी आणि या दोन नव्या डिस्क दिसायला सारख्याच, बारा सेंटिमीटरच्या. फरक लिखावटीत आहे. उर्दू लिहिणाऱ्या घरांत हे समजावणं सोपं. कलमचा कत रुंद असेल तर एका पानावर चार ओळी मावतात, बारीक असेल तर तेवढ्याच पानावर वीस. डिस्क वाचायला प्लेअरमध्ये लेसर किरण असतो. डीव्हीडीचा लाल, त्याची लांबी ६५० नॅनोमीटर. नव्या दोन्ही डिस्कचा निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटर. किरण बारीक म्हणून अक्षरं बारीक, म्हणून तेवढ्याच जागेत मजकूर जास्त. साध्या डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीच्या थरात १५, ब्लू-रेच्या थरात २५. दोन थर दिले की ३० आणि ५०.

मग दोन्हींत निळाच किरण असताना भांडण कशाचं? एचडी डीव्हीडीत मजकुराचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल, म्हणून जुन्या कारखान्यांत थोड्या फेरफाराने ती तयार होते आणि स्वस्त पडते. ब्लू-रेत थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर. तिथे किरण आणखी बारीक टोकाचा करता येतो, जागा वाढते, पण वरून कडक लेप द्यावा लागतो आणि यंत्रंही नवी लागतात. एचडी डीव्हीडी तोशिबाची, ब्लू-रे सोनी आणि तिच्या सोबतच्या कंपन्यांची. चित्रपट काढणाऱ्यांतही फूट. युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे. सोनीचे स्वतःचे, डिस्नेचे आणि फॉक्सचे चित्रपट ब्लू-रेकडे. वॉर्नर ब्रदर्स दोन्ही दगडींवर पाय ठेवून.

घरातल्या जुन्या माणसांना हे ऐकून काही नवल वाटलं नाही. त्यांनी बीटामॅक्स आणि व्हीएचएस पाहिलं होतं. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. बीटामॅक्सचं चित्र सरस असं जाणकार सांगत, पण तिची सुरुवातीची कॅसेट एका तासाची आणि व्हीएचएसची दोन तासांची. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले. बशीरगंजात एका रात्रीसाठी दोन्ही भाड्याने आणून अंगणात तीन-तीन पिक्चर लागायचे आणि फजरच्या अजानपर्यंत पोरं जागी असायची, ते आठवत असेल. तोवर भाड्याच्या कॅसेटी व्हीएचएसच्याच मिळत. ज्यांनी हौसेने बीटामॅक्स आणला, त्यांच्याकडे उत्तम यंत्र होतं आणि लावायला काही नव्हतं.

एवढा अभ्यास करून आम्ही जानेवारी उजाडायच्या आत निर्णय दिला: एचडी डीव्हीडी.

कारणंही दिली, आणि आजही ती वेडगळ वाटत नाहीत. एक तर किंमत. अमेरिकेत नोव्हेंबरात एका मोठ्या दुकानाने एचडी डीव्हीडीचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला होता. ब्लू-रे असलेलं सोनीचं प्लेस्टेशन ३ आपल्याकडे एप्रिल २००७ मध्ये आलं ते ३९,९९० रुपयांना. तेवढ्यात तेव्हा एका मुलीचं डीएड होत असे. दुसरं कारण आम्हाला जास्त पटलेलं. डीव्हीडीच्या कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत. हिंदुस्थान पाचव्या विभागात, दुबई दुसऱ्यात. याच भावाने मागे मुलांसाठी दुबईहून इंग्रजी कार्टूनच्या डीव्हीडी आणल्या होत्या, त्या आमच्या प्लेअरने नाकारल्या आणि मुलं दिवसभर रुसून बसली. (हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी बहुधा सगळीकडे चालतात, ती गोष्ट वेगळी.) ब्लू-रेतही तोच प्रकार, विभागांना अक्षरं दिलीत: दुबई बी, आपण सी. म्हणजे दुबईचा ब्लू-रे प्लेअर इथे आणला तर इथल्या बाजारातली विभागबंद डिस्क त्यात चालायची नाही. एचडी डीव्हीडीत हे विभागांचं कुलूपच नाही. जिथून आणा, जिथे लावा. आम्हाला हे न्यायाचं वाटलं, आणि न्यायाचं तेच टिकेल असंही वाटलं.

आता पुढचं ऐका. ४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं की यापुढे आमचे चित्रपट फक्त ब्लू-रेवर. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मोठ्या दुकानदारांनी एकापाठोपाठ एचडी डीव्हीडी उचलून ठेवली. आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले: प्लेअर बनवणं बंद. २००६ मध्ये बाजारात आलेली वस्तू, लाखो घरांत गेलेली, एका दिवसात पोरकी झाली.

आमचं नशीब असं की भावाच्या मालकाने त्याची रजा जानेवारीतून मार्चवर ढकलली होती. प्लेअर घ्यायचा राहून गेला होता. फोनवर तो आनंदाने ओरडत होता, "बाजी, वाचलो!" मुलांच्या अब्बूंनी मात्र महिनाभर सोडलं नाही. बाजारात भाजी घेतानाही म्हणायचे, "तुम्ही जी मेथी निवडाल ती सोडून दुसरी घेऊ."

पण खरं सांगायचं तर चूक एचडी डीव्हीडी निवडण्यात झाली नव्हती. ती त्याच्याही आधीची. पंधरा दिवस आम्ही यंत्रांचे गुणदोष तोलत बसलो आणि एक साधी गोष्ट विचारली नाही की आपल्या घरात हे लावणार कशाला आणि बघणार काय. आमचा टीव्ही एकवीस इंची, काचेच्या नळीचा, २००१ चा. त्याच्या पडद्यावर ५७६ ओळी. नवी डिस्क देते १०८०. म्हणजे दाढीचा केस न् केस मोजायला आधी टीव्ही बदलावा लागणार, आणि असा टीव्ही तेव्हा प्लेअरहूनही महाग होता. शिवाय भारनियमन. शहरात तेव्हा रोजचे तास ठरलेले, आपाच्या सासरच्या खेड्यात तर दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. सहाव्या वेतन आयोगाचा अहवाल मार्च २००८ मध्ये केंद्राकडे गेला होता. तो आमच्या पगारपत्रकापर्यंत पोचेल तेव्हा टीव्हीचं बघू, असं ठरवलं.

आणि बघायला काय? कपाट उघडून पाहिलं. मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढल्यापासून पिक्चर किराणा दुकानातसुद्धा मिळू लागला होता, त्यातल्या पंधरा-वीस. मुलांची कार्टून. हजच्या माहितीची एक सीडी. यातलं काहीही हरवलं तर उद्या पुन्हा मिळेल, आज या डिस्कवर, उद्या त्या. आणि अगदी मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन व्हीसीडी. त्यांच्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: आपाचा निकाह, मे १९९१.

त्या पुन्हा कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत. खरा प्रश्न त्यांचा होता, आणि तो आमच्या डोक्यात आला नाही. आपाच्या आला.

आपाच्या मोठ्या लेकीचं लग्न या मे महिन्यात आहे. फेब्रुवारीत आपा परळीहून आली ती म्हणाली, "मुलीला एकदा तिच्या नानांचा आवाज ऐकवायचा आहे. तुझ्याकडच्या सीडी लाव." आमचे मरहूम अब्बा एसटीत वाहक होते, बीड डेपोला. १९९६ मध्ये गेले तेव्हा ही मुलगी चार वर्षांची होती. तिला नाना म्हणून एक खाकी शर्ट आठवतो, बस्स. आवाजाची आठवण नाही. आणि अब्बांचा आवाज म्हणजे, भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जायचा.

दोन्ही व्हीसीडी लावल्या. मेहंदी आली, निकाह आला, मौलवीसाहेबांचे ओठ हलताना दिसले. अब्बाही दिसले, शेरवानीत, दोन्ही हात वर करून मेहमानांना काहीतरी सांगताना. पण ऐकू येत होतं एक फिल्मी गाणं. पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी. आणि दावतीचा सगळा भाग गायब.

कारण नंतर कळलं. मूळ चित्रण व्हीएचएस कॅसेटवर होतं, जवळजवळ तीन तासांचं. २००३ मध्ये व्हीसीआर बिघडला तेव्हा आम्हीच एका स्टुडिओत देऊन त्याच्या व्हीसीडी करून घेतल्या होत्या. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास मावतं. तीन डिस्कचे पैसे जास्त होतात म्हणून दोन करा, असं आम्हीच म्हटलं होतं. स्टुडिओवाल्याने "बोअर" भाग कापला आणि उरलेल्यावर गाणी चढवली; तेव्हाची तीच रीत होती आणि आम्ही ती कौतुकाने पाहिली होती. अब्बांना जाऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती, आवाज कानात ताजा होता. तो कधी हरवेल असं वाटलं नव्हतं.

आपाने काही बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "कॅसेट कुठे आहे?"

कॅसेट तिच्याच घरी निघाली, परळीत, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, गोधड्यांखाली. तिने फोनवर सांगितलं की आतल्या पट्टीवर पांढरं पांढरं काहीतरी आलंय, कापडाने पुसून शेजाऱ्यांच्या व्हीसीआरमध्ये लावून पाहू का? आम्ही शाळेच्या सरांना विचारलं आणि लगेच उलटा फोन केला: आपा, हात लावू नका. ती बुरशी असते. अशी कॅसेट तशीच लावली तर पट्टी अडकून तुटू शकते, व्हीसीआरचं हेड खराब होतं, आणि त्या व्हीसीआरमधून बुरशी दुसऱ्या कॅसेटींना लागते. ज्यांच्या माळ्यावर अशा पेट्या आहेत त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

बीडमध्ये हे काम करणारा एक जण सापडला. जुने व्हीसीआर दुरुस्त करणारा, मागे छोटा स्टुडिओ. आधी त्याने आम्हाला ब्लू-रेची वाट पाहायला सांगितलं. "मॅडम, आता लढाई संपली, ब्लू-रे जिंकली. वर्ष-दोन वर्षं थांबा, ५० जीबीत एकदम क्लिअर करून देतो." भावासाठी केलेला अभ्यास इथे उपयोगी पडला. व्हीएचएसच्या पट्टीवर आडव्या तपशिलाच्या जेमतेम २४० रेघा उमटतात. त्या ब्लू-रेवर घेतल्या म्हणून वाढत नाहीत. धुरकट अक्षर मोठ्या कागदावर उतरवलं तरी धुरकटच राहतं. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, तिथे उतरवताना कॅसेटचंही थोडं नुकसान होतं. डीव्हीडीत ७२० बाय ५७६, म्हणजे कॅसेटमध्ये जे आहे ते सगळं मावून वर जागा उरते. आणि डीव्हीडी तेव्हा शेजारच्या घरीही लागत होती, आपाच्याही. वाट पाहण्यात मिळणार काही नाही, आणि बुरशी काही ब्लू-रेसाठी थांबणार नाही.

मग आमच्या अटी सांगितल्या. एक मिनिटही कापायचं नाही. गाणी नाहीत. एका डीव्हीडीत कोंबायचं नाही, दोन करा, पैसे देऊ. काम आमच्या समोर व्हावं, कारण कॅसेटमध्ये जनाना बाजूचंही चित्रण आहे. नंतर तुमच्या कॉम्प्युटरवर काही राहता कामा नये, आणि मूळ कॅसेट परत पाहिजे.

तो जरा कुरकुरला. कॅसेट चालते त्याच वेगाने उतरते, तीन तासांची तीन तासांत. त्यात घाई करता येत नाही. "तीन तास इथे बसणार तुम्ही?" बसू म्हटलं. वीज जायच्या वेळा टाळून रविवारची सकाळ ठरली. आधी त्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, पट्टी हाताने फिरवत मऊ कापडाने हळूहळू साफ केली आणि दुसऱ्या कॅसेटच्या डब्यात बसवली. त्यालाच तासभर गेला. मग यंत्रं जोडली आणि आपण होऊन एक गोष्ट केली, त्यासाठी आम्ही त्याचे ऋणी आहोत. त्याने पडद्याचं तोंड आमच्याकडे फिरवलं आणि स्वतः मागच्या बाजूला बसला. समोर फक्त आवाजाचा काटा. म्हणाला, "चित्र उड्या मारू लागलं तर सांगा, मी तिथूनच नीट करतो."

आम्ही आणि आपा दोघी बसलो. सतरा वर्षांपूर्वीच्या बायका पडद्यावर आल्या. त्यातल्या चौघी आता या दुनियेत नाहीत. फुप्पी पान लावताना कोणाला तरी रागावत होती. आपाच्या डोक्यावरचा जोडा सारखा घसरत होता आणि एक लहान हात तो सारखा वर ओढत होता; तो हात आमचा असावा.

पावणेदोन तास झाल्यावर दावत आली. आधी भांड्यांचा आवाज. मग अब्बा, दस्तरखानाच्या टोकाला उभे, आणि तो आवाज: "चला, चला, पुढं सरका! पुढं जागा आहे! मागं उभं राहू नका, पुढं सरका!" मेहमान हसत होते आणि सरकत होते. काट्याकडे बघणारा तो माणूसही हसला, म्हणाला, "कंडक्टर होते का?" आपाला उत्तर देता आलं नाही. आम्हीच होकार दिला.

सगळं मिळालं नाही. रुख्सतीच्या ठिकाणी पट्टीवर बुरशीने खाल्लेला भाग होता, तिथे चाळीस-पन्नास सेकंद नुसत्या पांढऱ्या रेघा आणि खरखर. २००३ मध्ये कॅसेट चांगली होती, तेव्हा नीट उतरवून घेतली असती तर तेही असतं. व्हीसीडीत तो भाग चित्रापुरता आहे, गाण्याखाली. म्हणून त्या व्हीसीडीही टाकलेल्या नाहीत.

त्याच स्टुडिओत आपाच्या लेकीच्या लग्नाचंही बोलणं झालं. त्याच्याकडे आता एचडीचा कॅमेरा आहे, शूटिंग एचडीत करतो, डीव्हीडी देतो. आम्ही विचारलं, मग एचडीतलं मूळ कुठे राहतं? तो खरं बोलला: कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटींवर, आणि त्या कॅसेटी पुढच्या लग्नाला पुन्हा वापरल्या जातात. म्हणजे वरून दुसऱ्याचं लग्न! तेव्हा बहुतेक स्टुडिओंत असंच चाले. तेव्हा ज्यांच्या घरी या मोसमात लग्न आहे त्यांनी एवढं आधीच ठरवून घ्यावं: कोऱ्या कॅसेटींचे पैसे आपण द्यायचे आणि चित्रण झाल्यावर त्या आपल्या घरी आणायच्या. तेच मूळ. उद्या ब्लू-रे परवडेल तेव्हा त्यावरून ब्लू-रे निघेल. डीव्हीडीवरून निघणार नाही. गाण्यांची सजवलेली डीव्हीडी हवी तर घ्या, मेहमानांना दाखवायला बरी असते, पण एक बिनगाण्याची, बिनकापलेली करून घ्या. आणि कॅसेटी घरी आणण्यात दुसराही फायदा आहे. घरातल्या बायका-मुलींचं चित्रण कोणाच्या दुकानात पडून राहत नाही. या गोष्टीवरून नंतर वाद झालेली घरं आम्हाला माहीत आहेत.

घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी आणि दुकानात मिळणारी छापील डीव्हीडी एक नव्हे, हेही त्याच्याकडून कळलं. छापील डिस्कमध्ये खड्डे ठसे मारून उमटवलेले असतात. आपल्या डिस्कमध्ये लेसरने रंगाच्या थरावर डाग पाडलेले असतात, आणि रंग उन्हाने, उष्म्याने विटतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात पत्र्याच्या खोलीतला टीव्हीचा स्टँड, आणि डिस्क त्याच्यावर उघड्या! आम्ही आता दोन-दोन प्रती केल्या आहेत. एक परळीत, एक इथे, खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, डब्यात उभ्या. डिस्कवर कागद चिकटवत नाही, मधल्या पारदर्शक कड्यावर सीडीच्या पेनाने तारीख लिहितो. पाच वर्षांनी पुन्हा उतरवायच्या, तेव्हा जे चालत असेल त्यावर. कॅलेंडर बदलेल म्हणून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय: २०१३.

मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली "मालेगाव के शोले" काढला तो असल्याच घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि व्हीसीआर जोडून जोडून त्याची कापाकापी केली. मालेगावच्या व्हिडिओ हॉलमध्ये लोकांनी तो गर्दी करून पाहिला. दाढीचे केस त्यात कोणी मोजले नसतील. आपाच्या लेकीनेही मोजले नाहीत. तिने दावतीचा भाग तीनदा लावला आणि आता परळीच्या घरात कोणी दारात उभं राहिलं की ती ओरडते, "पुढं सरका, पुढं जागा आहे!"

भाऊ मार्चच्या अखेरीस येऊन गेला. ब्लंकेटं आणली, खजूर आणले, अम्मीचा बाम आणला, आणि एक साधा डीव्हीडी प्लेअर, ज्यात सगळ्या विभागांच्या डिस्क चालतात. रुसवा आणलेली ती कार्टूनही चालली. गेल्या आठवड्यात परत त्याचा फोन होता. पुढच्या खेपेला टीव्ही आणायचा म्हणतो, पातळ, भिंतीवर लावायचा. पण त्यातही दोन जाती आहेत.

"एलसीडी की प्लाझ्मा, बाजी?"

आम्ही फोन मुलांच्या अब्बूंकडे दिला.